पेटीतले वादळ, दारातले वादळ

१२ डिसेंबर २०१६ या दिवशी ‘वरदा’ चक्रीवादळाने चेन्नईचा किनारा ओलांडला. त्या दिवशी आम्ही शहराच्या उत्तर भागातील पेरांबूर येथे आमच्या घरातच होतो. सकाळपासून उत्तरेकडून येणारा वारा दुपारनंतर इतका वाढला की खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. मग दुपार कलत असताना वारा एकाएकी पडला. पाऊस थांबला, आभाळ थोडे उजळले आणि आमच्या गल्लीतील माणसे घराबाहेर आली. कोणी तुटलेल्या फांद्या ओढून बाजूला करू लागले, कोणी उडून आलेले पत्रे गोळा करू लागले, मुले साचलेल्या पाण्यात उतरली. ‘गेले एकदाचे’ असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली उभे राहून परगावच्या मुलाला दूरध्वनीवरून वादळ संपल्याचे सांगत होते.

ते घरात परतले आणि थोड्याच वेळात वारा पुन्हा सुरू झाला; पण या वेळी दक्षिणेकडून. उत्तरेच्या वाऱ्यापुढे तासन्‌तास तग धरून राहिलेला तो कडुलिंब दक्षिणेच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. गृहस्थ ज्या जागी उभे होते, नेमका तेथेच. दैव बलवत्तर, एवढेच आम्ही त्या संध्याकाळी म्हणू शकलो.

या प्रसंगाचा विचार करताना एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्यापैकी कोणीही अनभिज्ञ नव्हते. वादळ येणार हे आदल्या दिवसापासून ठाऊक होते. मध्येच वारा पडला तर बाहेर पडू नका, ही सूचनाही कानावरून गेली होती. भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशातील पहिली डॉप्लर रडार यंत्रणा २००२ साली चेन्नईतच बसविली. अंदाज वर्तविणाऱ्या शास्त्रज्ञाच्या पडद्यावर वादळाचे केंद्र आणि त्याभोवतीची ढगांची कडी स्पष्ट दिसते. ज्याच्या दारात वादळ येते त्याला मात्र केवळ शब्द मिळतात. शब्द ऐकले होते, पण त्यामागचे चित्र कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हते. चित्र नसलेला शब्द ऐन प्रसंगी आठवत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखात एक साधा आग्रह मांडावयाचा आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने, कृषी विद्यालयाने आणि किनारपट्टीवरील प्रत्येक शाळेने वादळाची एक लहानशी प्रतिकृती स्वतः तयार करावी. वादळाच्या हंगामापूर्वी ती गावकऱ्यांना दाखवावी आणि ती दाखविताना तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगाव्यात. पाश्चात्त्य देशांत अशा प्रतिकृतीला ‘घरगुती टॉर्नेडो’ म्हणतात व मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात ती हमखास आढळते. आपण तिच्याकडे खेळणे म्हणूनच पाहतो. खेळणे ती आहेच. पण हे खेळणे माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामी येऊ शकते, असे माझे मत आहे.

खलाशांच्या हातातील वादळ

वादळाची छोटी प्रतिकृती ही कल्पना नवी नाही आणि परकी तर मुळीच नाही. ऑक्टोबर १७४६ मध्ये मद्रासच्या किनाऱ्याजवळ नांगरलेल्या फ्रेंच आरमाराची वादळाने दाणादाण उडविली. नुकतेच मद्रास जिंकलेल्या ला बूर्दोने या सेनानीचे बळ एका रात्रीत खचले. बंगालच्या उपसागरात त्या काळी अशी कितीतरी जहाजे बुडत असत. वादळ एका सरळ रेषेत येते आणि जाते, अशीच बहुतेक खलाशांची समजूत होती. वारा पडला की ते शिडे उभारीत आणि उलट दिशेने आलेल्या वाऱ्यात सापडत.

कोलकात्यात राहून या वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. आज जगभर रूढ असलेला ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच घडविला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून तो घेतला आहे. परंतु त्या पुस्तकाचे खरे मोल त्यासोबत दिलेल्या पारदर्शक पत्रांत होते. त्या पत्रांवर वर्तुळे आणि वाऱ्याची दिशा दाखविणारे बाण छापलेले होते. खलाशाने पत्र आपल्या सागरी नकाशावर ठेवावे, जहाजावर जाणवणाऱ्या वाऱ्याच्या दिशेशी बाण जुळवावा आणि वादळाचे केंद्र कोठे आहे ते ओळखून जहाज त्यापासून दूर न्यावे, अशी ती योजना होती. पत्र नकाशावर सरकविले की पुढे वारा कोणत्या बाजूने येईल हेही समजे. तळहातावर मावणारी वादळाची ती प्रतिकृतीच होती. गणित न शिकलेला खलाशीही ती वापरू शके. आज आपल्याला शेतकऱ्याच्या हाती नेमके हेच द्यावयाचे आहे.

पेटी कशी बनवावी

आमच्या इमारतीतील सात-आठ मुलांना घेऊन मी ही पेटी पहिल्यांदा बनविली, ती ‘वरदा’नंतरच्या उन्हाळ्यात. लागणारे साहित्य कोठेही मिळते. चेन्नईत आम्ही रिची स्ट्रीटवरून संगणकातला जुना पंखा आणला. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तोच मिळेल. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडेही असे पंखे पडलेले असतात.

तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि साठ सेंटिमीटर उंचीची चौकोनी पेटी करावी. चार कोपऱ्यांत चार लाकडी पट्ट्या उभ्या कराव्यात. समोरची भिंत आणि बाजूची एक भिंत पारदर्शक प्लास्टिकच्या जाड तावाची असावी, उरलेल्या दोन काळ्या पुठ्ठ्याच्या. मुख्य खुबी पुढे आहे. प्रत्येक भिंत दीड सेंटिमीटर अरुंद कापावी, म्हणजे तिच्या एका कडेला उभी फट राहील. बाहेरून पाहिले असता ही फट प्रत्येक भिंतीच्या उजव्या कडेला यावी. चारही ठिकाणी एकाच हाताला. पेटीला तळ लावू नये, ती एका सपाट फळीवर ठेवावी. वर झाकण बसवून त्याला मधोमध गोल भोक पाडावे व त्यावर बारा व्होल्टचा पंखा असा बसवावा की तो आतील हवा वर ओढून बाहेर टाकील.

फळीवर पेटीच्या मध्यभागी उथळ ताटलीत गरम पाणी किंवा पेटत्या उदबत्त्यांचा लहान जुडगा ठेवावा. खोलीतील दिवे घालवून बाजूने विजेरीचा झोत टाकावा. पंखा सुरू केला की बाहेरची हवा चारही फटींतून आत येते आणि प्रत्येक फटीतून शिरलेला झोत पुढच्या भिंतीला घासत जातो. चारही झोत एकाच दिशेने फिरत असल्याने आतली हवा गिरकी घेऊ लागते. काही क्षणांत धुराचा एक सडपातळ, डुलणारा स्तंभ तळापासून झाकणापर्यंत उभा राहतो. पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा मोठी माणसेही नकळत पुढे वाकतात.

आमच्या पहिल्या प्रयत्नात मात्र काहीच दिसले नाही. पंखा उलटा बसला होता. तो हवा वर ओढण्याऐवजी खाली ढकलीत होता आणि धूर फटींतून आमच्याच तोंडावर येत होता. तो सुलटा केल्यावरही स्तंभ उभा राहीना. मग एका मुलीच्या लक्षात आले की छताचा पंखा चालूच आहे. तो बंद केला आणि वादळ उभे राहिले. दोन्ही चुका उपयोगाच्या ठरल्या. हवा वर ओढणारे काहीतरी हवे आणि गिरकी मोडणारे काही नको, हे मुलांना त्यातूनच कळले. उकळते पाणी आणि पेटत्या उदबत्त्या यांच्याजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

इतकेही साहित्य नसेल तर दोन लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या पुरेत. एकीत दोनतृतीयांश पाणी भरावे, दोन्ही झाकणे पाठीला पाठ लावून घट्ट चिकटवावीत व त्यांतून बोटाएवढे आरपार भोक पाडावे. भरलेली बाटली वर करून नुसती धरली तर पाणी गुळगुळ आवाज करीत अडखळत उतरते. तीच बाटली दोन-चार वेळा गोल फिरवून सोडली तर पाण्यात भोवरा तयार होतो. त्याच्या पोकळीतून हवा वर जाते, भोवतालून पाणी खाली येते आणि बाटली पाहता पाहता रिकामी होते. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याचा जो मार्ग दाखविला, त्याच परंपरेतील हा प्रयोग आहे.

पेटी काय शिकविते

पहिला धडा गतीचा. धूर कडेला असतो तेव्हा सावकाश फिरतो, मध्याकडे ओढला गेला की त्याचा वेग वाढतो. पदार्थविज्ञानात यास कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. पण ज्यांनी मंगळागौरीला फुगडी घातली आहे किंवा पाहिली आहे त्यांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. हात लांब ठेवून, शरीर मागे टाकून फिरणाऱ्या दोघी जवळ आल्या की फेर आपोआप वाढतो. दूरवरून केंद्राकडे येणारी हवा अशीच वेग घेत येते. म्हणून वादळाचे केंद्र जसजसे जवळ येते तसतसा वारा वाढत जातो.

यासोबत आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उभी राहिलेली केळीची बाग ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात तशीच राहील, हा भरवसा म्हणूनच फोल ठरतो.

दुसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यासाठीच पेटीला तळ लावलेला नाही. धुराची ताटली काढून घ्यावी. फळीवर एका ओळीत काही टाचण्या उभ्या करून त्यांना पतंगाच्या कागदाच्या सैल, सहज फिरतील अशा चिमुकल्या पताका लावाव्यात. ही पताकांची ओळ म्हणजे आपले गाव. आता पंखा सुरू ठेवून पेटी फळीवरून अगदी सावकाश सरकवावी. केंद्र पताकेकडे येत असताना ती एका दिशेस फडफडते. केंद्र नेमके तिच्यावर आले की ती लोंबकळते. केंद्र पुढे सरकले की ती पुन्हा फडफडू लागते, पण आता पूर्वीच्या अगदी उलट दिशेस. वारा थांबला होता याचा अर्थ वादळ गेले असा नव्हता. वादळाचा मध्य डोक्यावर आला होता. १२ डिसेंबरच्या दुपारी आमच्या गल्लीत जे घडले ते फळीवर अर्ध्या मिनिटात घडते. मुलांसोबत हा प्रयोग पाहायला आलेले ते शेजारचे गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः पेटी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिली.

तिसरा धडा केंद्र ओळखण्याचा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला हा नियम आजही तितकाच खरा आहे. आपली पेटी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून हा नियम पताकांवरही पडताळून पाहता येतो. ‘वरदा’च्या दिवशी आधी उत्तरेचा वारा होता. त्याकडे पाठ केली तर तोंड दक्षिणेस आणि डावा हात पूर्वेस, समुद्राकडे. म्हणजे केंद्र अजून पाण्यावर होते. नंतर दक्षिणेचा वारा आला. त्याकडे पाठ केली तर डावा हात पश्चिमेस. म्हणजे केंद्र जमिनीवर सरकले होते. वीज गेली, भ्रमणध्वनी बंद पडला, तरी हे दोन हात माणसाजवळ राहतात. मात्र हा ताळा घराच्या आडोशाला राहून, झाडांच्या शेंड्यांकडे पाहून घ्यावयाचा. भर वाऱ्यात अंगणात उभे राहून नव्हे.

पेटी काय शिकवीत नाही

येथवर वाचून कोणाचा असा ग्रह होईल की पेटीत खरोखरच लहानसे चक्रीवादळ उभे राहते. तसे नाही, आणि हे सांगितले नाही तर प्रात्यक्षिकाने लाभाऐवजी हानी होण्याचा संभव आहे. अर्धे ज्ञान घेऊन परतलेला श्रोता अनभिज्ञ श्रोत्यापेक्षा अधिक निर्धास्त असतो.

आपण ज्यास वावटळ म्हणतो, ज्यास टॉर्नेडो किंवा घूर्णवाती वादळ म्हणतात आणि ज्यास चक्रीवादळ म्हणतात, त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वावटळ उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठते. बहुधा आकाश निरभ्र असते, ती धूळपाचोळा घेऊन काही क्षण नाचते आणि विरते. टॉर्नेडो प्रचंड गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत सोंडेसारखा उतरतो. त्याची रुंदी सामान्यतः काही दशक ते काहीशे मीटर आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचे असते, पण त्या मिनिटांत तो घरे उचकटून टाकतो. चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते.

टॉर्नेडो अमेरिकेतच होतात, ही समजूतही खरी नव्हे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात विद्यापीठ परिसरातून टॉर्नेडो गेला आणि काही मिनिटांत अनेकांचे प्राण गेले. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात आलेल्या टॉर्नेडोत सुमारे १३०० माणसे दगावली; जगाच्या ज्ञात इतिहासातील तो सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो मानला जातो. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यालाही अशाच वादळाचा तडाखा बसला. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, टॉर्नेडोची बहुधा काही मिनिटेच. म्हणून या दोहोंसाठीची सावधगिरी एकच असू शकत नाही.

आपली पेटी रूपाने टॉर्नेडोसारखी दिसते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात नील वॉर्ड यांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी टॉर्नेडोच्या अभ्यासासाठी जे प्रयोगकोष्ठ उभारले, त्याचे तत्त्वही हेच होते: वर ओढणारा पंखा आणि खालून गिरकी घेत शिरणारी हवा. पण पेटीतील गिरकी आपण कापलेल्या फटींमुळे येते. फटी डाव्या कडेला कापल्या तर वादळ उलट फिरेल. टॉर्नेडोत ही गिरकी निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांच्या वेग-दिशेतील फरकातून येते आणि चक्रीवादळात पृथ्वीच्या परिवलनातून. बाटलीतील भोवराही आपण ज्या हाताने फिरविला त्या दिशेने फिरतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम बाटलीएवढ्या पाण्यात दिसत नाही. तो दिसावयास शेकडो किलोमीटरचा पसारा लागतो.

दुसरा भेद केंद्राचा. पेटीच्या मध्यभागी हवा वर चढते. खऱ्या चक्रीवादळाच्या डोळ्यात ती हळूहळू खाली उतरते, म्हणूनच तेथे ढग विरळ होतात आणि क्वचित ऊनही पडते. आडव्या वाऱ्याचा अभाव एवढेच दोहोंतील साम्य आहे. आपला दुसरा धडा त्या साम्यावरच उभा आहे, त्याच्या पलीकडे नाही.

तिसरा भेद शक्तीचा. पेटीतील वादळ विजेवर चालते. चक्रीवादळाला शक्ती मिळते ती उबदार समुद्रावरून उठलेल्या बाष्पाचे ढगांत पाणी होताना मोकळ्या होणाऱ्या उष्णतेतून. तरीही येथे एक उपयुक्त तुलना करता येते. पंख्याचे बटण बंद करावे. स्तंभ थोड्याच क्षणांत विस्कटतो. जमिनीवर आलेल्या चक्रीवादळाचेही असेच होते, समुद्राचा पुरवठा तुटला की ते क्षीण होऊ लागते. फरक इतकाच की ते क्षणांत नव्हे, तासांत क्षीण होते. तेवढ्या तासांत एका जिल्ह्याच्या बागा झोपतात.

बागांची गोष्ट

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटेपूर्वी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तंजावर, तिरुवारूर, पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांतील नारळाच्या बागांची बागा त्या रात्री आडव्या झाल्या. मराठी वाचकांना हा प्रदेश अनोळखी नाही. सरफोजी राजांनी उभारलेला मनोरा हा बुरूज याच नारळाच्या पट्ट्यात समुद्राकाठी उभा आहे. पुढे दोनच वर्षांनी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ कोकणच्या किनाऱ्यावर धडकले. तेथे नारळ, सुपारी आणि आंब्याच्या वाड्या गेल्या. भात वा भाजीपाला गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा उभा करता येतो. नारळ-सुपारीचे झाड गेले म्हणजे वडिलांनी लावलेले आणि मुलांनी खावयाचे, असे दोन पिढ्यांचे उत्पन्न गेले.

वादळ थोपविणे कोणाच्या हाती नाही. पण त्यापूर्वीचे तास आपल्या हाती असतात. हवामान विभागाचा चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत येतो: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेची सूचना, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा आणि किनारा ओलांडण्याच्या १२ तास आधी जमिनीवरील पुढील वाटचालीचा अंदाज. पहिल्या दोन टप्प्यांत तयार नारळ व फळे उतरविणे, केळीला आधार देणे, भातखाचरांतील पाण्याला वाट करून देणे आणि जनावरे सुरक्षित जागी हलविणे ही कामे उरकता येतात. आधार कोणत्या बाजूने द्यावा, हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो. पताकांचा प्रयोग पाहिलेला शेतकरी तो विचारीत नाही. केंद्र आपल्या गावावरून गेले तर वारा दोन्ही बाजूंनी येणार, तेव्हा आधारही दोन्ही बाजूंनी हवा, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. एका बाजूच्या वाऱ्याने मुळे सैल झालेले झाड दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात पडते, हेही त्याला उमगते. आणि मधल्या शांततेत बागेची पाहणी करावयास तो झाडाखाली जात नाही. माझ्या मते या संपूर्ण खटाटोपाचे सार या शेवटच्या वाक्यात आहे.

माहितीला समजुतीची जोड मिळाली की काय घडते, याचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. चेन्नई येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ पासून पुद्दुचेरी परिसरात ग्रामीण ज्ञान केंद्रे सुरू केली. समुद्रातील लाटांची उंची गावातील ध्वनिक्षेपकावरून रोज मच्छीमारांना सांगितली जाऊ लागली. २००४ च्या त्सुनामीच्या सकाळी नल्लवाडु या गावात सिंगापूरहून आलेला धोक्याचा निरोप याच ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आला आणि लोक वेळीच किनाऱ्यापासून दूर गेले. ध्वनिक्षेपक इतर गावांतही होते. नल्लवाडुच्या लोकांना त्या आवाजावर कृती करण्याची रोजची सवय होती, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. समज आधी रुजलेली असावी लागते. संकटाच्या क्षणी ती पेरता येत नाही.

आक्षेप आणि विनंती

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आज भ्रमणध्वनीवर वादळाची उत्तम चलचित्रे उपलब्ध असताना पुठ्ठ्याच्या पेटीचे प्रयोजन काय? चलचित्र आपण पाहतो. पेटी आपण सरकवितो. पताका कोणत्या दिशेला वळेल याचा आधी अंदाज करावयाचा, तो चुकायचा, आणि मग पुन्हा सरकवून पाहावयाचे, यात जे शिकणे आहे ते पडद्यावर मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विस्तार कार्यकर्त्यांवर आधीच कामाचा भार मोठा आहे, त्यात आणखी एक प्रात्यक्षिक कशाला? यावर माझे म्हणणे इतकेच की हे प्रात्यक्षिक पंधरा मिनिटांचे आहे, ते पीक-मेळाव्यातच उरकता येते आणि पेटी शाळेतील मुलांनी बनविली तर तिच्यावर केंद्राचा वेळही खर्च होत नाही. उलट मुलांनी आपल्या आईवडिलांना ती दाखविली तर अधिक चांगले. वडील मंडळी अधिकाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतात, पण मुलीने घातलेला प्रश्न घरी घेऊन जातात.

पूर्व किनाऱ्यावर वादळांचा मुख्य काळ ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. पश्चिम किनाऱ्यावर तो मान्सूनपूर्व मे-जून आणि पुन्हा मान्सूनोत्तर महिन्यांत येतो. तेव्हा कोकणात एप्रिलमध्ये आणि चोलमंडळाच्या किनाऱ्यावर सप्टेंबरमध्ये पेटीचे प्रात्यक्षिक व्हावे. प्रात्यक्षिक दाखविणाऱ्याने शेवटी दोन वाक्ये न चुकता म्हणावीत. ही पेटी म्हणजे खरे वादळ नव्हे, हे एक. आणि वारा मध्येच थांबला तर तो परत येणार आहे, उलट बाजूने, हे दुसरे.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्या कडुलिंबाच्या जागी आता दुसरे रोप लावले आहे. ते शेजारच्या गृहस्थांनीच लावले. त्याला आधाराच्या काठ्या बांधताना त्यांनी एक उत्तरेला रोवली आणि एक दक्षिणेला. मी कारण विचारले नाही.